छापायचे ते विभावरी दाबके याच नावाने

मी, विभावरी शरदचंद्र दाबके, लग्नापूर्वीची नलिनी दत्तात्रय गोंधळेकर, जन्म सातारा, वय सदुसष्ट, राहणार ब्युशेनबाख, एर्लांगेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहून ठेवते ते असे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे लिहावे म्हणून कोणी माझ्यावर जोर केलेला नाही; लिहू नये म्हणून मात्र बऱ्यापैकी झाला आहे. गेल्या आठ दिवसांत चहा आणि गाळलेले सूप यांखेरीज मी काहीही प्यायलेली नाही. ही माहिती मृत्युपत्रात घालायची नसते, हे मला कळते. पण ‘आईने ते कुठल्या अवस्थेत लिहिलं कोण जाणे’ असे म्हणू शकणारी माणसे माझ्याच घरात आहेत, म्हणून घातली.

जर्मन कायद्याप्रमाणे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. भाषाही कोणतीही चालते. माझी मैत्रीण शुभा नाडगौडा पंचवीस वर्षे इथल्या कोर्टांसाठी शपथेवर भाषांतरे करते आहे, तिने हे दोनदा तपासून सांगितले. तरीही मी शेवटी दोन सह्या घेणार आहे. साक्षीदारांशिवायचे मृत्युपत्र मला शाळेतल्या निबंधासारखे वाटते.

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, माझ्या अन्ननलिकेचे ऑपरेशन आहे. ते मोठे आहे. त्यातून मी उठेन असे डॉक्टरांना वाटते, मलाही वाटते. पण उठले तरी चव आणि वास पूर्वीसारखे राहतील याची हमी त्यांनी दिलेली नाही. म्हणून ज्या गोष्टींबद्दल माझा शब्द चालतो, त्या आजच लिहून टाकते.

कलम १. घर.

ब्युशेनबाखमधले आमचे राइहेनहाउस, रांगेतले शेवटून दुसरे, तळघर आणि मागच्या बागेसकट, माझे पती कै. शरदचंद्र यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझा एकुलता एक मुलगा क्षितिज, राहणार बाड हॉम्बुर्ग, याला देते. पूर्ण आणि बिनशर्त. सध्या माझे आणि त्याचे पटत नाही; का, ते पुढे येईल. घर देऊन मी त्याची संमती विकत घेत नाही, आणि तो संमती देत नाही म्हणून घर काढूनही घेत नाही.

कलम २. पैसे आणि दागिने.

बँकेत जे असेल ते माझी नात अन्वी हिच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे हे कोणी ठरवायचे नाही, तिच्या बापानेसुद्धा. दागिने सून ईप्सिता हिला. मंगळसूत्रही तिलाच, मोडून काही केले तरी माझी हरकत नाही.

कलम ३. चाखण्याचे सामान.

तळघरातल्या कपाटात चाखण्याचे सोळा पेले, दोन थर्मामीटर, बाटल्या उघडण्याची लाकडी मुठीची किल्ली आणि माझा सूक्ष्मदर्शक आहे. सूक्ष्मदर्शक अन्वीला. बाकी सगळे शुभाला, कारण तिला हे पेले पाणी प्यायला वापरायचा मोह होणार नाही. यातला प्रत्येक पेला वरून थोडा मिटलेला आहे, वास आत राहावा म्हणून. त्यात पाणी पिणे म्हणजे तबल्यावर पोळ्या लाटणे.

हे सामान माझ्याकडे कसे आले ते क्षितिजलाही नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते. मी पुण्यातून मायक्रोबायोलॉजी घेऊन एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. १९८४ साली लग्न करून इथे आले. शरदचंद्र इथल्या मोठ्या इलेक्ट्रिकल कंपनीत इंजिनिअर होते. आठ वर्षे मी घर सांभाळले. क्षितिज पहिलीत गेला त्या वर्षी मी वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली: उत्तरेकडच्या एका गावातल्या ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत यीस्ट मोजायला माणूस हवे. बसने पस्तीस मिनिटे, पुढे सायकलने दहा. मी अर्ज केला आणि मग घरी सांगितले.

तिथल्या मुख्य ब्रुअर होत्या फ्राउ रोझविटा ड्योर्फ्लर. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात रबरी बूट. मुलाखतीत मी खरे ते सांगितले, की मी बिअर कधी तोंडाला लावलेली नाही.

“उत्तम,” त्या म्हणाल्या, “म्हणजे वाईट सवयी मोडायला नकोत.”

सहा महिने मी फक्त सूक्ष्मदर्शकात पाहिले. मग एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे पाच पेले मांडले आणि विचारले, यातला वेगळा कोणता? मी वास घेतला आणि तिसरा उचलला. त्यांनी ती बाटली मुद्दाम उन्हात खिडकीत ठेवली होती. ऊन लागले की बिअर बिघडते. “कशाचा वास येतो?” त्यांनी विचारले. मला जर्मन शब्द सुचेना. मी मराठीतच म्हणाले, “हिंगाची डबी उघडी राहिल्यासारखा.” त्यांनी मान हलवली. “तुझ्या भाषेत लिहून ठेव. मला शब्द कळायची गरज नाही. तुला तो वास पुन्हा ओळखता आला पाहिजे.”

त्या दिवशी घरी जाताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून एक वही घेतली. बिअरविषयी मराठीत लिहायला मी अशी लागले.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवते. वाइन चाखणारे लोक चाखून थुंकतात. बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी, घशाशी कळतो, म्हणून तिचा थोडा भाग गिळावा लागतो. मी गिळत होते. कामाच्या दिवशी चमचाभर, दहा-बारा वेळा. ‘आमची आई फक्त वास घ्यायची’ असे कोणी माझ्यामागे सांगू नये.

कलम ४. विरजण.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यातल्या काचेच्या बरणीत जे विरजण आहे, ते सौ. लतिका खासनीस, राहणार एर्लांगेन, यांना द्यावे. हा टोमणा आहे. तो तसाच समजावा.

शरदचंद्रांना माझ्या नोकरीची लाज वाटत असे. बायको ब्रुअरीत काम करते हे इथल्या मराठी मंडळात कसे सांगायचे, म्हणून त्यांनी सांगितले की ती डेअरीत आहे. मला न विचारता. एका जेवणाच्या कार्यक्रमात लतिकाबाई मला म्हणाल्या, “अय्या, डेअरीत? मग आम्हाला चांगलं विरजण द्या ना.” मी ह्यांच्याकडे पाहिले. हे वरणात बुडून गेल्यासारखे खाली बघत होते.

मी विरजण दिले. अकरा वर्षे दिले. मला दही उत्तम लावता येते, तो भाग खरा होता. एर्लांगेन, फ्युर्थ, न्युर्नबेर्ग मिळून सात-आठ घरांत माझ्या डेअरीचे दही लागत होते. सगळे म्हणायचे, प्रोफेशनल माणसाच्या हाताची गोष्टच वेगळी.

२००३ साली एका चाखणी स्पर्धेत मी परीक्षक होते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझा फोटो आला: साडी, कुंकू, आणि नाकाशी धरलेला पेला. खाली नाव, ब्रुअरी, सगळे छापलेले. लतिकाबाई तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष होत्या. तो पेपर त्यांनी बेकरीत पाहिला. गणपतीच्या तयारीची बैठक त्याच शनिवारी दुपारी त्यांच्या घरी होती. आम्ही दोघे गेलो. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, “विभावरीताई, यंदा नैवेद्याचे मोदक तुम्ही नका करू. कुणाला वाईट वाटायला नको. शेवटी हात कुठे कुठे लागलेले असतात.”

खोलीत वीसेक माणसे होती. मी पर्स उचलली. तेवढ्यात शरदचंद्र उभे राहिले. हा माणूस मंडळात कधी बोलत नसे. जमाखर्च मंजूर करायलासुद्धा हात अर्धाच वर करायचा.

“डेअरी मी सांगितली होती,” ते म्हणाले. “खोटं मी बोललो. ही कधीच बोलली नाही. माझी बायको बिअर चाखते, आणि त्यात ती या अख्ख्या भागात सगळ्यात चांगली आहे असं तिचे लोक म्हणतात. विरजण चालतं, तर हातही चालायला हवेत.”

मग ते मला म्हणाले, “चल. मोदक घरी करू.”

एकवीस केले. आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ले. त्यानंतर आम्ही मंडळाचे सभासदत्व सोडले. लतिकाबाईंनी नंतर दोनदा फोन केला, मी उचलला नाही. आता बरणी जाईल. दही त्यांनी जरूर लावावे. ते चांगलेच लागेल.

कलम ५. गाडी.

गॅरेजमधली राखाडी गाडी शुभाला. सीटवर चहाचा डाग आहे, तो काढू नये.

२००९ साली आमच्या ब्रुअरीला अडीचशे वर्षे झाली. फ्राउ ड्योर्फ्लर तोवर निवृत्त झाल्या होत्या आणि मालक हेर गुंडरमान यांनी वर्धापनदिनाची खास बिअर घाईने बाटल्यांत भरून घेतली. त्या सुमारास मी जिल्ह्याच्या एका मासिकात दरमहा बिअरपरीक्षण लिहीत होते, जर्मनमधून. मासिकाने त्या महिन्यात हीच बिअर परीक्षणाला दिली. मी चाखली. तिला लोण्याचा वास होता. यीस्टला काम पुरे करायला वेळ दिला नाही की तो राहतो. मी तसे लिहिले, आणि छापण्याआधी प्रामाणिकपणे हेर गुंडरमान यांना दाखवले.

“फ्राउ दाबके,” ते म्हणाले, “लोणी काही वाईट असतं का?”

“पावावर नाही,” मी म्हणाले.

“‘भरदार चव’ असं लिहा. खोटं नाही ते.”

“खोटंच आहे. अजून तीन आठवडे टाकीत ठेवली असती तर भरदार झाली असती.”

“तुमचा पगार कोण देतं?”

“पगार यीस्ट मोजायचा मिळतो. नाकाचा नाही मिळत.”

लेख छापून आला. महिनाअखेर मला घरी पाठवण्यात आले. मासिकानेही पुढचा लेख मागितला नाही, कारण शेवटच्या पानावर ब्रुअरीची जाहिरात असे. सतरा वर्षांची नोकरी एका वाक्यावर गेली. ते वाक्य मी आजही तसेच लिहीन. हवे तर एक विशेषण कमी करीन.

मी आठवडाभर तळघरात गेले नाही. मग एका रविवारी सकाळी शरदचंद्रांनी नकाशा टेबलावर पसरला. त्यावर त्यांनी पेन्सिलीने गावे आखली होती, ज्या ज्या गावात लहान ब्रुअरी आहे ती. “तुला गाडी चालवता येणार नाही, चाखल्यावर,” ते म्हणाले. “मी चालवतो. तू लिही. तुला कुणाच्या मासिकाची काय गरज?”

दहा वर्षे आम्ही रविवारी फिरलो. बांबेर्ग, फोर्शहाइम, डोंगरातली खेडी, सुट्टीत लाइपझिग, क्योल्न. मी आत जाऊन चाखायचे, ते गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायचे. आत यायला त्यांनी एकदाही होकार दिला नाही, आणि एका थेंबालाही तोंड लावले नाही. मी बाहेर आले की विचारायचे, “काय निघालं?” मी सांगायचे. ते ऐकायचे आणि म्हणायचे, “हे लिहून घे, मग गाडी काढतो.” २०२१ च्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. त्यानंतर मी बसने आणि रेल्वेने जाऊन आणखी तीन वह्या भरल्या.

कलम ६. वह्या.

एकूण चौतीस वह्या आहेत. त्या आणि त्यांतल्या मजकुराचे सर्व हक्क मी शुभा नाडगौडा हिला देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. वह्यांतून निवडून तिने मराठीत पुस्तक छापावे. प्रकाशक ठरलेला आहे, तोही तयार आहे. अडचण फक्त नावाची आहे, आणि हे मृत्युपत्र खरे तर त्या अडचणीसाठीच लिहिले जात आहे.

वह्यांत काय आहे ते कळावे म्हणून दोन-चार ओळी उतरवते, म्हणजे न वाचता हरकत घेणाऱ्यांनाही थोडे वाचावे लागेल.

बांबेर्गची धुराची बिअर: ‘पहिल्या घोटाला वाटते, विझत आलेल्या चुलीवर कोणी भाकरी विसरले आहे. दुसऱ्या घोटाला ती भाकरी सापडते. तिसऱ्याला ती आवडते.’

गव्हाची बिअर, ढगाळ: ‘केळ्याच्या शिकरणीत लवंग पडली आहे. काढू नये.’

क्योल्नची फिकट बिअर: ‘सभ्य. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे बसवलेल्या मुलीसारखी. हिच्या मनात काय आहे ते समजायला पुन्हा यावे लागेल.’ तिच्याच खाली, दोन वर्षांनी: ‘पुन्हा आले. मनात बरेच आहे.’

लाइपझिगची आंबट बिअर: ‘मीठ आणि धने! मठ्ठ्याच्या इतक्या जवळ जाऊन ही बाई परत फिरली कशी?’

असे अकराशेच्या वर आहे. चांगल्याला चांगले आणि वाईटाला वाईट. मराठीत हे कोणी लिहिले असेल तर मला ठाऊक नाही. मला ते वाचायला मिळाले नाही, म्हणून लिहिले.

या उन्हाळ्यात प्रकाशकाचे पत्र आले तेव्हा मी आनंदाने क्षितिजला फोन केला. त्याने आधी प्रकाशकाचे नाव विचारले. मग म्हणाला, “आई, छाप. पण नाव बदल ना. दाबके किती कमी आहेत. ईप्सिताचे बाबा, माझं ऑफिस... मी हेल्थकेअरमध्ये काम करतो, आई. आणि अन्वीला शाळेत कुणी काही म्हणालं तर?”

“जर्मन शाळेत? बिअरवरून?”

“गेनाऊ, हेच ते, तुला कळणारच नाही,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी पुण्याहून थोरल्या दिरांचा फोन आला. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवलेला नाही. “विभावरी,” ते म्हणाले, “छाप हवं तर. पण आपलं घराण्याचं नाव त्याच्यावर नको. माहेरचं नाव घाल.”

मी म्हणाले, “भाऊजी, माझं माहेरचं नाव नलिनी होतं. मला ते आवडायचं. लग्नात तुम्ही तांदळाचं ताट पुढे ठेवलंत आणि ह्यांच्या हाताने त्यात विभावरी लिहवलंत. मला कुणी विचारलं नाही. आडनाव तुमचं, नावही तुमचंच. एकेचाळीस वर्षं मी ते वापरलं. पासपोर्टवर, पगाराच्या चिठ्ठीवर, ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर. आता ते वापरून वापरून माझं झालंय. परत मिळायचं नाही.”

त्यांनी फोन ठेवला. त्यांना नमस्कार सांगायचा राहिला, तो इथे सांगते.

तरी या कलमाने ठरवते ते असे: पुस्तक विभावरी शरदचंद्र दाबके याच नावाने छापावे. टोपणनाव, आद्याक्षरे, ‘एक मराठी गृहिणी’ यांपैकी काहीही चालणार नाही. मुखपृष्ठावर पेपरातला तो २००३ चा फोटो घालावा, कुंकू आणि पेला दोन्ही दिसतील असा. क्षितिज, थोरले दीर किंवा अन्य कोणी नात्याच्या आधारे हरकत घेतल्यास ती शुभाने ऐकून घ्यावी, चहा द्यावा, आणि छापायला पाठवावे.

कलम ७. डॉक्टरांचे वाक्य.

सप्टेंबरात मला घास अडकू लागला. तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला क्षितिज बाड हॉम्बुर्गहून आला होता. डॉक्टरबाई तरुण होत्या, समोर बसून सावकाश बोलल्या. त्यांचे बोलून झाल्यावर क्षितिज माझ्याकडे वळला आणि त्यांच्यासमोरच, मराठीत म्हणाला, “आता तरी कबूल कर आई. हे त्यानेच झालंय.”

मी ते डॉक्टरबाईंना जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितले. म्हणाले, माझा मुलगा म्हणतो हे बिअरने झाले. खरे आहे का? मला बरे वाटावे म्हणून उत्तर देऊ नका.

त्यांनी दिलेले उत्तर मी तिथेच लिहून घेतले: ‘मद्याने या आजाराचा धोका वाढतो, हे नक्की. तुमच्या बाबतीत तेच कारण आहे का, हे मी सांगू शकत नाही, आणि कोणीच सांगू शकणार नाही.’

मग त्यांनी विचारले, “तुम्ही चहा फार गरम पिता का? त्यानेही धोका वाढतो असं दिसतं.” आमच्या घरात चहा उकळता पितात, क्षितिजसुद्धा. चहावर आजवर कुठल्या मंडळाने ठराव केलेला मला आठवत नाही.

पण चहाच्या आडून मी पळणार नाही. बिअरने झाले असेल. तेहतीस वर्षे मी ती जाणून, मोजून, गिळून चाखली. दुसऱ्यांच्या बिअरमधला दोष मी कधी लपवला नाही, त्यासाठी नोकरी घालवली. मग माझ्या स्वतःच्या हिशेबातला दोष कसा लपवू? म्हणून: डॉक्टरबाईंचे वरील वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर, अर्पणपत्रिकेच्याही आधी, पूर्ण छापावे. पहिला अर्धा भाग गाळू नये. दुसराही गाळू नये. त्याखाली माफी, उपदेश किंवा पश्चात्ताप छापू नये. मला झालेला नाही.

कलम ८. माझ्यानंतर.

विद्युतदाहिनी. भाषणे नकोत. बोलायचेच असेल तर कोणी ‘सुगरण होत्या’ एवढ्यावर थांबू नये. फोटोपुढे बिअरचा पेला ठेवू नये. गरम होऊन वाया जाते.

कलम ९. रविवारी वाढवलेले.

वरचा मजकूर बुधवारी लिहून झाला होता. सही राहिली होती, कारण साक्षीदार रविवारी यायचे होते. काल, शनिवारी, क्षितिज न कळवता आला. ईप्सिताने पाठवले असेल असे मला वाटले, पण तो म्हणाला, नाही, मीच आलो. हातात कापडी पिशवी होती.

त्याने टेबलावरचे कागद पाहिले. “वाचू?”

“तुझंच आहे निम्मं. वाच.”

त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. मी समोर बसून राहिले. मोदकांच्या जागी तो थांबला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. आम्ही मंडळ का सोडले हे त्याला कधी कोणी सांगितलेच नव्हते. “बाबा असं बोलले? सगळ्यांसमोर?” त्याने विचारले. मी म्हणाले, हो. सातव्या कलमाशी आल्यावर त्याने कागद खाली ठेवले.

“नावाचं राहू दे,” तो म्हणाला. “नावावर मी आता काही बोलणार नाही. पण हे वाक्य काढ, आई. प्लीज.”

“तूच म्हणाला होतास. डॉक्टरांसमोर.”

“मी घाबरलो होतो, आई. काहीतरी कारण हवं होतं मला. आता हे पहिल्या पानावर छापलं की लोक तेवढंच वाचतील. म्हणतील, बघा, मेली त्यानेच.”

“म्हणू देत. दुसरा अर्धा भागही तिथेच आहे. वाचता येणारे वाचतील.”

“काढणार नाहीस?”

“नाही.”

तो उठून खिडकीशी गेला. पाठमोरा उभा राहून रडला. मी उठले नाही. उठले असते तर वाक्य काढले असते. थोड्या वेळाने त्याने नाक पुसले आणि पिशवीतून एक बाटली काढली. बिनअल्कोहोलची. “डॉक्टरांना विचारलं,” तो म्हणाला. “घोटभर चालेल. गुरुवारच्या आधी तुला काहीतरी चाखावंसं वाटेल असं वाटलं.”

मी तळघरातून दोन पेले आणायला सांगितले. तो एकच आणणार होता. ओतली, फिरवली, वास घेतला, अगदी लहान घोट घेतला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यावर बघायचा तसा.

“कशी आहे?”

“वाईट आहे,” मी म्हणाले.

तो हसला. महिन्याभरात प्रथमच. “एर्लिश? खरंच? दुकानात सगळ्यात महाग होती.”

“तू घे. आधी पिऊ नकोस, नाक घाल. कशाचा वास येतो?”

क्षितिजने आजवर बापासारखाच कुठल्याही मद्याला हात लावलेला नाही. त्याने पेला नाकाशी धरला. एकदा घेतला, बाजूला केला, पुन्हा घेतला. जर्मनमध्ये काहीतरी म्हणायला लागला आणि थांबला.

“उकडलेला बटाटा,” तो मराठीत म्हणाला. “कुकरचं झाकण नुकतं काढल्यावर येतो तसा. सालासकटचा.”

बरोबर तोच होता. अशा बिअरमध्ये तो राहून जातो, आणि तो ओळखायला मला फ्राउ ड्योर्फ्लरच्या हाताखाली दोन वर्षे लागली होती. हे मी त्याला सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पुन्हा वास घेतला.

या भेटीमुळे वरील कोणत्याही कलमात मी बदल केलेला नाही. नाव तेच राहील, वाक्यही तेच राहील. बाटलीची नोंद चौतिसाव्या वहीत शेवटच्या पानावर केली आहे. वासाचे शब्द क्षितिजचे आहेत, ते मी त्याच्या नावानिशी लिहिले आहेत. शुभाने पुस्तकात ती नोंद घ्यावी. क्षितिजने नाव गाळायला सांगितल्यास गाळू नये.

हे सर्व मी राजीखुशीने, वाचून, समजून लिहिले आहे व खाली सही केली आहे.

स्थळ: एर्लांगेन
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी अकरा

(सही) विभावरी शरदचंद्र दाबके

साक्षीदार:

१. (सही) अन्नेलीझे हुप्पर्ट, शेजारीण. मजकूर मराठीत असल्याने वाचलेला नाही. सही करताना बाईंचा हात स्थिर होता, हे पाहिले.

२. (सही) मल्हार मिराशी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, एर्लांगेन. मजकूर वाचला. माझ्या घरचे दही याच विरजणाचे आहे.